श्रवणयंत्र कपाटात का जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बाबांना हवे तेवढेच ऐकू येते’, ही तक्रार निवृत्तांच्या घरोघरी असते. दोष बाबांचा नसतो. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात आणि स, च, त, फ यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती त्यांच्याच आधारे. स्वर शाबूत राहतात. म्हणून ‘पाच वाजता’ आणि ‘सात वाजता’ सारखेच भासतात. मोठ्याने ओरडले तर ‘आ’ तेवढा वाढतो, ‘स’ हरवलेलाच राहतो. समोर बसून, चेहरा दिसेल असे सावकाश बोलावे. स्वयंपाकघरातून हाका मारू नयेत.

पुष्कळ श्रवणयंत्रे विकत घेतली जातात आणि काही आठवड्यांत कपाटात जातात. हट्टीपणापेक्षा त्याला अर्धवट जुळवणी, म्हणजे त्या कानाच्या दोषाप्रमाणे यंत्र नीट न बसवणे, अधिक जबाबदार असते. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कधी नुसता मळच निघतो. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र त्याच दिवशी गाठावे, उशिराने उपचारांचा उपयोग कमी होतो. नंतर ध्वनिरोधक खोलीत २५० ते ८००० हर्ट्झची तपासणी आणि शब्द ओळखण्याची चाचणी. वाहत्या रस्त्यालगतच्या दुकानातल्या ‘मोफत तपासणी’त बाहेरचा गोंगाट मिसळतो आणि दोष आहे त्याहून जास्त दिसतो. विक्रेत्याला त्यात तोटा नसतो!

श्रवणतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, किमतीत पुढच्या किती जुळवण्या धरल्या आहेत, कानात बारीक नळी ठेवून यंत्राचा आवाज प्रत्यक्ष मोजणार का, हे पैसे देण्याआधी विचारावे. यंत्र किती चॅनेलचे, म्हणजे आवाजाचे किती पट्ट्यांत भाग करणारे, हा प्रश्न नंतरचा.

सुरुवातीला स्वतःचा आवाज घुमतो, कारण कानाची वाट बुजलेली असते; कानात बसणाऱ्या साच्याचे छिद्र मोठे करून किंवा उघडा डोम (छिद्रे असलेली मऊ टोपी) लावून ते कमी होते. भांडी कर्कश वाटतात, वर्तमानपत्राची सळसळ त्रास देते. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिले काही दिवस शांत खोलीत एकाच माणसाशी दोन-तीन तास, मग टीव्ही, मग पाहुणे. लक्ष्मी रस्ता सगळ्यात शेवटी. फक्त लग्नकार्याला यंत्र घालणाऱ्यांना ते कधीच मानवत नाही. आणि वापराचे तास बहुतेक डिजिटल यंत्रे स्वतःच नोंदवतात, तेव्हा तपासणीला जाऊन ‘रोज घालतो’ सांगण्यात अर्थ नाही.

शिट्टी वाजली म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. साचा नीट बसलेला नसतो, कानात मळ असतो, नाही तर नळी कडक होऊन तडकलेली असते. आवाजच बंद पडला तर आधी बॅटरी बदलावी, मग मळाची जाळी. झिंक-एअर बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून ती बसवावी, तिला हवा लागते. स्टिकर परत चिकटवून ती वाचत नाही. रंग पाहून घ्यावी: ६७५ निळी, १३ नारिंगी, ३१२ तपकिरी, १० पिवळी. पावसाळ्यात रात्री बॅटरीचे दार उघडे ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. हेअर ड्रायरची हवा देऊ नये. केसांना तेल लावून लगेच यंत्र चढवले की तेल मायक्रोफोनच्या छिद्रात उतरते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, २ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी एकरकमी ३००० रुपये मिळतात. चांगल्या डिजिटल यंत्रापुढे ही रक्कम तोकडी आहे आणि जुळवणीचा खर्च वेगळाच.

महापालिकेला एक विनंती. नाट्यगृहांच्या दुरुस्तीची कामे निघतील तेव्हा आसनांभोवती इंडक्शन लूपची, म्हणजे माइकचा आवाज चुंबकीय क्षेत्राने यंत्रापर्यंत पोचवणारी, वायर टाकून घ्यावी. यंत्र ‘टी’ वर ठेवले की रंगमंचावरचा माइक थेट कानात येतो, मागच्या रांगेतली कुजबुज नाही. नवे यंत्र घेणाऱ्यांनीही त्यात टेलिकॉइल (‘टी’ वर हा आवाज पकडणारी तारेची गुंडाळी) आहे का ते पाहावे. काही छोट्या मॉडेलमध्ये ती नसते.

– एक श्रवणतज्ज्ञ, सदाशिव पेठ, पुणे ३०