सिंको दे मायो म्हणजे मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे!

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात सिंको दे मायोचा (स्पॅनिशमध्ये ५ मे) फोटो आला होता, खाली लिहिलेलं "मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन". राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हीच चूक मीही केलीय. सध्या मी लॉस एंजेलिसला मुलाकडे आहे, शेजारच्या बाई मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या, त्यांना ५ मेला सकाळी जिन्यात मोठ्या ऐटीत हॅपी इंडिपेन्डन्स डे म्हणालो तर त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या तो १६ सप्टेंबरला असतो हो!

भानगड अशी की १८६१ मध्ये मेक्सिकोचे अध्यक्ष हुआरेझ यांच्या सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, ते निमित्त करून फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने फौज घुसवली आणि ५ मे १८६२ ला पुएब्लाच्या वेशीवर मेक्सिकोच्या जनरल सारागोसाने तिला पिटाळून लावलं. पण पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी पुएब्ला घेतलंच, राजधानीसुद्धा घेतली. म्हणजे एका दिवसाचा विजय. आता पुएब्लात मोठी परेड निघते, बाकी मेक्सिकोत ऑफिसं बँका चालू.

मग अमेरिकेत एवढा गाजावाजा का? तर तेव्हा इथे गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटलेलं, फ्रेंचांचा ओढा गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडे, म्हणून गुलामगिरीविरोधी उत्तरेच्या बाजूच्या कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन लोकांना ही बातमी आपल्याच बाजूच्या विजयासारखी वाटली आणि त्यांनी तेव्हापासूनच हा दिवस साजरा करायला घेतला. त्यामुळे "हा तर बिअर कंपन्यांनी काढलेला सण" असं जे लोक म्हणतात तेही अर्धवटच, कंपन्या जोरात उतरल्या त्या १९८० च्या दशकात. आता मात्र बारमध्ये प्लॅस्टिकच्या टोप्या आणि चिकटवायच्या मिशा लावून नाचतात, ते बघून बाईंचं तोंड कडू होतं.

त्यांनी आम्हाला डबाभर मोले (त्यांच्याकडचं मसालेदार कालवण) दिलं. सुक्या मिरच्या, तीळ, दालचिनी, लवंग सगळं भाजून वाटलेलं आणि त्यात चक्क चॉकलेट! आमची ही म्हणाली, अहो हे तर आपलं वाटणच, फक्त खोबरं विसरल्यात.

तर कृपया दुरुस्ती छापा, कात्रण बाईंना दाखवायचंय. मराठी त्यांना येत नाही, निदान तारीख तरी वाचतील असं म्हणणार होतो, पण आकडेही आपले देवनागरीच, म्हणजे तेही मलाच वाचून दाखवावे लागणार.

एक जुना वाचक, सातारा (सध्या लॉस एंजेलिस)