अ‍ॅक्रन, ओहायोच्या काकांना, चारचौघांत

काका,

व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं 'थँक्यू' टाकून माझं भागणार नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही रागवाल. रागवा.

शेजारचे आजोबा गेले आणि आजींनी त्यांची दुनळी माझ्याकडे दिली. एल. सी. स्मिथ बनावटीची, न्यूयॉर्क राज्यातल्या फुल्टनच्या कारखान्यातली, १२ बोअरची. दस्त्याच्या टोकाला, खांद्याला बसणारा धक्का सोसायला, लाल रबरी पॅड, दगडासारखं कडक, बोट लावलं की चुरा. मला विचारायचं होतं ते एवढंच: हे पॅड बंदुकीच्याच काळातलं, की मागाहून कुणी चिकटवलेलं?

पहिल्या दुकानदाराने बंदूक हातातसुद्धा न घेता सांगितलं, "उपटा, नवं लावा." दुसऱ्याला ती स्वस्तात हवी होती, त्यामुळे त्याला सगळंच बनावट दिसत होतं. त्यात मी ब्राऊन माणूस जुनी बंदूक घेऊन उभा. त्यांच्या नजरेबद्दल न लिहिलेलंच बरं.

तुम्ही आधी चहा ठेवलात. मग टेप. पुढच्या चापापासून लाकूड १३ इंच, वर पॅड १ इंच. "लाकूड कापलंय. मूळची कडक रबराची पाटी तेव्हाच गेली." मग स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला साबण चोळलात, रबराच्या चिरेतून जाताना ते आणखी फाटू नये म्हणून. आत स्क्रू एका खाचेचा. "फिलिप्सचा, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा असता तर १९३६ च्या आधीचा नाही, हे नक्की होतं. एका खाचेचा आहे म्हणून जुनाच, असं मात्र नाही हं." ते 'मात्र नाही' ऐकायला मी दोन दुकानं पालथी घातली होती! ब्रशने धूळ झाडल्यावर अक्षरं उमटली: जोस्टॅम, शिकागो. असे पॅड बनवणारी जुनी कंपनी. म्हणजे काळ जुळतो. ते कारखान्यात बसवलं की गावातल्या कारागिराने, हे वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात ठेवलेल्या कारखान्याच्या नोंदींत सापडलं तर सापडेल. पत्र टाकलंय.

पण काका, माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. काम सुरू करण्याआधी तुम्ही टेबलावर वर्तमानपत्र अंथरलंत. शेवटी त्यावर पडलेला लाल चुरा ब्रशने गोळा करून काकूंच्या रिकाम्या हिंगाच्या डबीत भरलात आणि माझ्या हातात दिलात. म्हणालात, "फेकू नकोस. त्यांचा खांदा टेकलाय याला." आयुष्यभर टायरच्या कारखान्यात टनावारी रबर पाहिलेला माणूस चिमूटभर भुग्यासाठी वाकला होता. पैशांचं विचारलं तर तुम्ही सरळ ओरडलात माझ्यावर.

पॅड परत तसंच बसवलंय, तडे आहेत तसे ठेवून. शनिवारी आजींना डबी दाखवली. त्यांनी ती उघडली नाही. कानाशी नेऊन हळूच हलवली, आणि हिंगाचा वास आला म्हणून हसल्या.

तुमचा,
शेजारचा बंदूकवाला