प्राथमिक फेरीलाही बातमीदार पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीची बातमी वाचली. करंडक उंचावणाऱ्या मुलांचा फोटो छान आला आहे. मथळ्यात बक्षीस द्यायला आलेल्या मालिकेतल्या अभिनेत्याचं नाव आहे, खाली पहिल्या तीन महाविद्यालयांची नावं आहेत. पण पहिली आलेली एकांकिका कशावर होती, लिहिली कोणी, हे बातमीत कुठेच सापडलं नाही. याच स्पर्धेची प्राथमिक फेरी त्याआधी तीन दिवस चालली होती. तिच्याबद्दल तर एक ओळही आली नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

त्या तीन दिवसांपैकी दोन दिवस मी सभागृहात बसून होते. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने लिहिलेली एकांकिका त्यात होती. चाळ पाडून टॉवर होणार म्हणून संक्रमण शिबिरात हलवलेलं एक कुटुंब. वर्षं उलटतात, नातवंडं मोठी होतात, पण आज ना उद्या परत जायचंच आहे म्हणून आजी आपली ट्रंक उघडत नाही. सगळा संसार त्या बंद ट्रंकेभोवती चाललेला. आजी मालवणीत बोलते, सून मुंबईच्या मराठीत उत्तर देते आणि नातू अर्धं हिंदी बोलतो. तिघांच्या बोलण्यात जे अंतर पडलं आहे ते त्या मुलाने एकही लांबलचक भाषण न लिहिता दाखवलं. शेवटी ट्रंक उघडते तेव्हा आत कपडे नसतात, भांडी नसतात. चाळीतल्या खोलीच्या दारावरची नंबराची पत्र्याची पाटी तेवढी असते. अंधार झाला आणि सभागृहात काही क्षण कुणी टाळीच वाजवली नाही.

मी कडेला बसले होते, तिथून विंगेतलं दिसत होतं. प्रकाशयोजना करणारी मुलगी दातांत छोटा टॉर्च धरून क्यू लिहिलेला कागद वाचत होती, दोन्ही हात डिमरवर. शेवटच्या प्रसंगात प्रकाश इतका हळू उतरला की पाटीवरचा आकडा सगळ्यात शेवटी दिसेनासा झाला. ती मुलगी अकरावीची आहे हे मला नंतर कळलं. ट्रंकही खरीच होती, लेखकाच्या आजीची. पहाटेच्या लोकलच्या लगेज डब्यातून मुलांनी ती आणली होती.

ही एकांकिका अंतिम फेरीत गेली नाही. परीक्षकांच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी याहून बांधीव एकांकिका मी स्वतः पाहिल्या. पण जी पहिली येते तिला पुढे ‘सवाई’ची, म्हणजे ठिकठिकाणी पहिल्या आलेल्या एकांकिकांच्या स्पर्धेची, रात्र मिळू शकते. २५ जानेवारीला सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत रंगणारी ती रात्र, भरलेलं नाट्यगृह, ‘अरे, आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्या. जी पहिल्या फेरीत थांबते तिचा प्रयोग एकदाच होतो. सत्तर-ऐंशी प्रेक्षक, त्यातले निम्मे आपल्या पाळीची वाट बघणारे दुसऱ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी. दोन महिन्यांच्या तालमी, त्याही अर्ध्या जिन्यावर, कारण संध्याकाळनंतर महाविद्यालयाचा हॉल मिळत नाही. आणि पाऊण तासात सगळं संपतं. मुलं इन्स्टाग्रामवर टाकतात, पण ती स्टोरी चोवीस तासांत जाते. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तर अशी एकांकिका झाली होती याची कुठेतरी नोंद तरी राहते.

त्या चार ओळींची किंमत मला ठाऊक आहे. १९८६ साली महाविद्यालयात असताना एका एकांकिकेत मी म्हातारीचं काम केलं होतं. आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. तरी एका दैनिकाने त्या फेरीवर लिहिलं होतं आणि त्यात माझ्या कामाचा उल्लेख होता: आवाज जमला आहे, चाल मात्र तरुण मुलीचीच राहिली. नावसुद्धा नव्हतं, फक्त ‘म्हातारीची भूमिका करणारी मुलगी’. आधी वाईट वाटलं. मग आठवडाभर मी आजीच्या मागे मागे घरात फिरले, ती पाऊल कसं टाकते, उंबरा ओलांडताना हात कुठे टेकते ते बघत. मी पुढे नटी झाले नाही, बँकेत नोकरी केली. पण माणसांकडे बघायला त्या दोन वाक्यांनी शिकवलं. ते कात्रण अजून माझ्या कपाटात आहे. कुणीतरी परका माणूस येऊन बसला होता आणि त्याने आमचं काम नीट पाहिलं होतं, याचं तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं.

मुंबईच्या रंगभूमीला हे नवं नाही. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकं सुरू केली आणि शाळेतल्या एका सभागृहाची चळवळ झाली. ती नाटकवाल्यांनी केली हे खरंच, पण कमलाकर नाडकर्णींसारखे समीक्षक तशी नाटकं बघून वर्तमानपत्रांत लिहीत होते, म्हणून गिरगाव-पार्ल्यातल्या माणसाला तिकडे काय चाललं आहे ते कळत होतं. आजही शनिवार-रविवारी व्यावसायिक नाटकांच्या जाहिराती बघूनच आमच्या घरी कुठे जायचं ते ठरतं. महाविद्यालयीन मुलांकडे जाहिरातीचे पैसे नसतात.

पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात, म्हणोत. पण मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं आणि जेजे कला महाविद्यालयही त्याच सालचं. तरी हे विद्यापीठाचं शहर आहे असं आपल्या शहर-पानावरून वाटत नाही. विद्यापीठाची बातमी म्हणजे निकाल लांबला, पेपर फुटला, हॉलतिकीट मिळालं नाही. त्या बातम्या हव्यातच. पवईच्या आयआयटीतल्या मूड इंडिगो आणि झेवियर्स महाविद्यालयाच्या मल्हार या महोत्सवांना पुरवणीत जागा मिळते, तीही मिळावी. पण विद्यापीठाच्या युवा महोत्सवात मुंबई शहर आणि उपनगरापासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांची मुलं असतात. लोकनृत्य, मूकनाट्य, एकपात्री, रांगोळी, व्यंगचित्र, मातीकाम असं किती काय असतं! आगरी, मालवणी, वारली अशा बोली तिथे कानावर पडतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पानभर मजकूर छापला होता, मी तो जपून ठेवला आहे. ती भाषा आज अठरा-वीस वर्षांची मुलं कशी बोलतात आणि लिहितात, हे ऐकायचं असेल तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. शुक्रवारच्या अंकात चार इंच जागा द्या: कुठल्या महाविद्यालयाची एकांकिका, कुठे, किती वाजता, बाहेरच्यांना प्रवेश आहे की नाही. जेजेचं वार्षिक प्रदर्शन, कलिन्याच्या लोककला अकादमीचे कार्यक्रम हेही त्यात बसेल. आणि स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला एक तरी दिवस माणूस पाठवा. निकाल संयोजक मेलवर पाठवतातच. नाटक मात्र समोर बसूनच बघावं लागतं. त्याने जे आवडलं ते लिहावं, जे फसलं तेही लिहावं, मुलं रागावणार नाहीत. लेखकाचं नाव, आणि जमलं तर प्रकाशयोजना, नेपथ्य करणाऱ्यांची नावंही द्यावीत.

ती ट्रंक आता आमच्या जिन्याखाली ठेवली आहे. पुढच्या स्पर्धेसाठी मुलगा नवीन लिहितो आहे. रोज रात्री गच्चीवर वाचन चालतं, वरून आवाज येतो.

पुढच्या फेरीला आपला प्रतिनिधी आलाच, तर त्याला तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसायला सांगा. आमच्या फेरीला माइक नव्हते आणि मागच्या रांगांत पंख्यांच्या घरघरीत मुलांचे हळू बोललेले संवाद ऐकू येत नव्हते.

आपली नियमित वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई