बिअरच्या बाटल्या दिवस मोजून भरू नका

मा. संपादक,
स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला घरी बिअर बनवण्याचा लेख वाचला. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) यांबद्दल छान लिहिलंय, पण सात दिवस झाले आणि एअरलॉकमधले (भांड्याच्या झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी) बुडबुडे थांबले की साखर घालून बाटल्या भरा, हे जे त्यात म्हटलंय ते धोक्याचं आहे, म्हणून लिहितोय.

सात दिवस कुठून काढले? यीस्ट (साखर खाऊन दारू आणि गॅस बनवणारी बुरशी) ताजं आणि पुरेसं असेल, तापमान २० अंशाच्या आसपास असेल तर साधी एल (उबेत आंबवायची बिअर) चार-पाच दिवसांतही बरीचशी उरकते, पण तेच यीस्ट जुनं असलं किंवा खोलीत गारवा असला तर दोन आठवडेसुद्धा कमी पडतात. लागर ही गारव्यात आंबवायची बिअर तर १० अंशाच्या आसपास आंबवतात, तिथे सात दिवसांत काय होणार. आणि बुडबुड्यांवर तर मुळीच विसंबू नये, कारण झाकण जरा सैल असलं की गॅस बाजूने निघून जातो, एअरलॉक शांत दिसतो आणि आत यीस्टचं काम जोरात चालू असतं.

खरं उत्तर हायड्रोमीटर देतो, म्हणजे बिअरमध्ये तरंगवून तिची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपते तशी ती उतरते) मोजायची नळी. समजा सुरुवातीला ग्रॅव्हिटी १.०५० होती, ती उतरत उतरत १.०१० ला आली आणि दोन-तीन दिवसांनी परत मोजली तरी तेवढीच भरली, तर झालं. पण १.०२० वरच अडकून बसली तर रीडिंग सारखं आलं म्हणून खूश होऊ नका, बहुतेक वेळा यीस्ट थंडीने सुस्तावलेलं असतं, भांडं जरा उबदार जागी हलवा आणि थांबा.

आता घाई का नको ते सांगतो. बिअरमधला गॅस व्हॉल्यूममध्ये मोजतात, एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरभर बिअरमध्ये लिटरभर गॅस. २० अंशाला आंबवलेल्या बिअरमध्ये सुमारे ०.८५ व्हॉल्यूम आधीच विरघळलेला असतो, वरून लिटरला ६ ग्रॅम साखर घातली की अजून दीड वाढतो, म्हणजे साधारण २.३५, पेल्यात ओतल्यावर छान फेस येतो. पण समजा बिअर १.०१० पर्यंत जाणार होती आणि तुम्ही १.०१४ लाच भरली, तर ग्रॅव्हिटीचा प्रत्येक पॉइंट (म्हणजे ०.००१) बंद बाटलीत जवळपास अर्धा व्हॉल्यूम वाढवतो, म्हणजे चार पॉइंटांचे दोन व्हॉल्यूम, एकूण चारच्या वर! साध्या बाटल्या तीनच्या पुढे भरवशाच्या राहत नाहीत. मग बाटली फुटते, आणि फुटते म्हणजे काचा उडतात, डोळा जाऊ शकतो.

चवीचंही आहेच. फर्मेंटेशन (आंबणं) संपत आलं की यीस्ट स्वतःच तयार केलेलं डायअसिटाइल नावाचं लोण्याच्या वासाचं रसायन परत शोषून घेतं, त्याला ते दोन-चार दिवस दिले नाहीत तर बिअरला लोण्यासारखा वास येतो, आणि नंतर कितीही चांगले हॉप्स असले तरी तो लपत नाही. एवढी मेहनत केलेली असते, चार दिवसांसाठी ती का घालवायची?

साखरसुद्धा प्रत्येक बाटलीत चमच्याने अंदाजे टाकू नका, सगळ्या बिअरच्या हिशोबाने वजन करून पाण्यात उकळून थंड करा आणि भरायच्या भांड्यात बिअरमध्ये हलक्या हाताने नीट मिसळा, नाहीतर एक बाटली मिळमिळीत आणि दुसरी फसफसून ओट्यावर.

पुढच्या अंकात ही दुरुस्ती ठळक छापा ही विनंती. आणि तो लेख वाचून ज्यांनी बाटल्या आधीच भरल्यात त्यांनी चष्मा आणि जाड हातमोजे घालून, बाटल्या न हलवता, जाड कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, गारठ्याने यीस्ट मंदावतं आणि दाबही उतरतो, मग पूर्ण गार झाल्यावर एकेक बूच कापड धरून हळू उघडून गॅस सोडून द्यावा.

आपला,
एक नियमित वाचक