पाळी थांबताना कोलेस्टेरॉलकडेही पाहावे

महोदय,

पाळी बंद होण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि एलडीएल हे अपायकारक कोलेस्टेरॉल वाढू लागते, ही गोष्ट आपल्या किनारपट्टीवरील बायकांपर्यंत फारशी पोचलेली दिसत नाही. भातलावणी आणि बागेचे शिंपणे हाच आमचा व्यायाम, असे त्या म्हणतात. पण लावणी पावसाळ्यापुरती आणि शिंपणे आता बहुधा पंपावर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालण्यासारखा आणि 2 दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. त्याने ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी उतरते, एचडीएल हे उपकारक कोलेस्टेरॉल थोडे वाढते. एलडीएल मात्र बेतानेच घटते, म्हणून नियमित चालणाऱ्या बाईनेही रक्त तपासावे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर सोडू नये. चालायला ओहोटीची घट्ट पुळण आहेच. गावोगावच्या शिबिरांत साखरेबरोबर कोलेस्टेरॉलही तपासले जावे.

— एक वाचक, गुहागर