बी उगवत का नाही, तेही छापा

संपादक महोदय,
स.न.

मे महिना आला की तुमच्या पेपरात घरच्या सोयाबीनची उगवण तपासा म्हणून येतंच, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, ७० च्या वर उगवले तर बिनधास्त पेरा, हे आमच्याकडं आता सगळ्यांना पाठ झालंय. पण तेच बी वर्षभरात खराब का होतं हे कुणी सांगतच नाही आणि मला वाटतं शेतकऱ्याला तेच आधी कळायला पाहिजे.

बी कोरडं असलं तरी आतला डीएनए उष्णतेनं, दमट हवेनं तुटत राहतो, आणि कोरड्या बियात दुरुस्तीचं काम जवळपास बंदच असतं, त्यामुळं बिघाड नुसता साचत जातो. पाणी मिळालं की मोड दिसायच्या कितीतरी आधी, पहिल्या काही तासांतच दुरुस्ती करणारी एन्झाइम्स कामाला लागतात, तुटलेले धागे परत जोडतात. नुकसान जास्त असेल तर एटीएम नावाचं एक प्रथिन उगवणच रोखून धरतं. इंग्लंडमधल्या लीड्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या झाडावर हे दाखवलं, ज्या जुन्या बियांत एटीएम नव्हतं त्या लवकर उगवल्या खऱ्या पण त्यांची गुणसूत्रं तुटकीच राहिली. मला तर हे वाचून त्या एवढ्याशा दाण्याचं फार कौतुक वाटलं. जुनं बी उशिरा का उगवतं त्याचं एक कारण हे आहे, आणि बिघाड दुरुस्तीच्या पलीकडं गेला की ते उगवतच नाही.

इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेलं सुमारे २००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये लावलं आणि उगवलं, तिथली हवा एकदम कोरडी. आपलं सोयाबीन तेलबी, साल पातळ, मळणीयंत्राचा वेग जास्त असला तर तिथंच मार बसतो आणि नंतर पोती पत्र्याखाली, थेट जमिनीवर, एकावर एक रचलेली. मग दुबार पेरणी. बोगस बियाणं मिळालं तर तक्रार केलीच पाहिजे, त्यात सूट नको, पण घरचं बी आपल्याच साठवणुकीत मरतं हेही तितकंच खरं आहे.

तर विनंती एवढीच की हे मे महिन्यात छापून उपयोग नाही, तोवर उन्हाळा त्या पोत्यांवरनं गेलेला असतो. ऑक्टोबरात मळणी चालू असतानाच एक चौकट द्या, मळणीयंत्राचा वेग कमी ठेवा, बी नीट वाळवा, पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, आणि हे का करायचं तेही चार ओळींत सांगा.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, लातूर जिल्हा