अर्धवेळ काम धरण्याआधी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या सत्रापासून अर्धवेळ काम धरायचं तुझ्या मनात आहे. जरूर धर. फक्त पैसे किती मिळणार हे विचारण्याआधी तास किती जाणार ते कागदावर मांड.

आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६ आधी बाजूला काढ, त्यांना हात लावायचा नाही. तासिका आणि प्रात्यक्षिकं मिळून २५ धर, स्वतःचा अभ्यास तेवढाच. जेवणखाण, आंघोळ, कपडे, कॉलेजची ये-जा यांत रोजचे चार तास सहज जातात, म्हणजे २८. उरले ३४. त्यातले निम्मे मोकळेच राहू देत, कारण ताप येतो, प्रोजेक्टची तारीख अलीकडे येते, आणि मित्रांनाही वेळ द्यायचा असतो. हाती राहिले १७.

पुढची चूक प्रवासाची. चार तासांच्या तीन पाळ्या म्हणजे १२ तास असं वाटतं. पण जायला ४० आणि यायला ४० मिनिटं लागत असतील तर ते १६ होतात, म्हणजे ठरलेल्या दराच्या पाऊणपटच पैसे तुझ्या तासाला पडतात. दर थोडा कमी असला तरी चालत जाता येईल असं काम म्हणूनच बहुतेक वेळा जास्त परवडतं. सहा तासांच्या दोन पाळ्या घेतल्या तर प्रवास वाचतो, पण सहा तास उभं राहून आल्यावर त्या रात्री पुस्तक उघडलं जात नाही. अशी पाळी दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तरच घे. रात्रपाळी मुळीच नको. शिकलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोप लागते. जागरण करून वर्गात हजेरी लागेल, पण ऐकलेलं टिकणार नाही.

माझं मत विचारशील तर ग्रंथालय, प्रयोगशाळा किंवा विभागाच्या कार्यालयातलं काम सगळ्यांत चांगलं. प्रवास नाही आणि परीक्षा कधी आहे हे तिथे सांगावं लागत नाही. या जागा सत्राच्या सुरुवातीलाच भरतात, म्हणून नोटीस लागायची वाट न बघता विभागात जाऊन विचार. त्यानंतर शिकवण्या. एका तासाच्या शिकवणीला सुरुवातीला अर्धा-पाऊण तास तयारी लागते, तो दरात धर. फी महिन्याच्या आधी घे, आणि आदल्या दिवशी न कळवता रद्द केलेल्या तासाचे पैसे लागतील हे पहिल्याच भेटीत पालकांना सांगून ठेव. मुलांच्या परीक्षा तुझ्या परीक्षांच्या आसपास येतात का, तेही बघून घे. डिलिव्हरीचं काम लगेच मिळतं, पण इंधन, टायर, सर्व्हिसिंग तुझ्याच खिशातून जातं. खाजगी वापराचा विमा अशा कामात झालेल्या अपघाताला लागू होईलच असं नाही, हे आधी विमा कंपनीकडून लेखी विचारून घे.

दुकानात गल्ल्यावर बसलास तर पाळी सुरू होताना सुरुवातीची रक्कम स्वतः मोज आणि मगच सही कर. आधीच्या माणसाकडून राहिलेली तूट नाहीतर तुझ्या नावावर पडते. तुझ्या लॉगिनवर दुसऱ्याला बिल करू देऊ नकोस, पाणी प्यायला उठलास तरी लॉगआउट कर. दहाला दुकान बंद म्हणजे दहाला सुटका नव्हे. हिशेब जुळवणं आणि आवराआवर यात अर्धा तास जातो. त्याचे पैसे मिळतात का, हे पहिल्या दिवशी विचार.

तासाचा दर, पगाराची तारीख, शिकाऊ दिवसांचे पैसे, जेवणाची सुट्टी पगारी की बिनपगारी, कशासाठी कपात होते, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, एवढं लेखी हवं. कागद देत नसतील तर ‘आपलं असं ठरलं आहे, बरोबर ना?’ असा मेसेज तूच पाठव आणि ‘हो’ आलं की जपून ठेव. रोज आल्याची आणि गेल्याची वेळ वहीत लिही. पाळ्यांचा तक्ता लागला की फोटो काढ, कारण तो मागाहून बदलतो आणि महिनाअखेरीस कुणालाच आठवत नाही.

नोंदणी फी, अनामत किंवा किटचे पैसे आधी मागणारं काम घेऊ नकोस. व्हिडिओ लाइक करायचे थोडे पैसे खरोखर देतात, मग मोठ्या ‘टास्क’साठी तुझ्याकडूनच पैसे भरून घेतात आणि गायब होतात. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायची नाहीत. आणि कमिशनसाठी आपलं बँक खातं कुणाला वापरायला द्यायचं नाही. त्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

शिष्यवृत्तीच्या अटी काढून वाच, काहींमध्ये पगारी कामाला बंदी किंवा मर्यादा असते. पुढे परदेशी गेलास तर विद्यार्थी व्हिसावर तासांची मर्यादा असते. सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८, कॅनडात कॅम्पसबाहेर नोव्हेंबर २०२४ पासून आठवड्याला २४. दोन ठिकाणी काम केलं तर तासांची बेरीज होते. ब्रिटनच्या त्या व्हिसावर फ्रीलान्स कामही चालत नाही. मालक ‘रोखीत देतो, कुणाला कळत नाही’ म्हणाला तरी व्हिसा तुझा जातो.

परीक्षेचं वेळापत्रक लागलं त्याच दिवशी तारखा कामावर लेखी दे. तिथले तक्ते आठवडा-दोन आठवडे आधी ठरतात. परीक्षेच्या तोंडावर सांगितलंस तर बदली माणूस मिळत नाही आणि नकार देणं तुला जड जातं. पहिल्या चाचणीत गुण घसरले किंवा सकाळची तासिका दोनदा बुडली, तर तिसऱ्या वेळेची वाट न बघता एक पाळी कमी करून घे. त्यांनी ऐकलं नाही तर ठरलेली मुदत देऊन काम सोड आणि राहिलेला पगार लेखी माग.

तासांचा तक्ता केलास की मला फोटो पाठव. कामाची जागा ठरली असेल तर जाण्यायेण्याची वेळ संध्याकाळच्या गर्दीत एकदा प्रत्यक्ष मोजून मगच त्यात लिही.

तुझी,
आई